एक हजार पाच

वास आधी मी ओळखला.
साहजिकच आहे. अठ्ठावीस वर्षं केस रंगवतेय,
स्टेशनसमोर, एका खुर्चीच्या दुकानात.
गोर्दाना खुर्चीत होती, अर्धं डोकं रंगलेलं, अर्धं पांढरं,
भाचीच्या लग्नात कोण कुणाशी बोललं नाही ते सांगत.
मी बाटलीचं झाकण तपासलं. घट्ट होतं.
तरी वास वाढतच होता,
जणू खाली दरीत कुणी डोंगराएवढ्या बाईचे
केस रंगवायला घेतलेत.

खरं म्हणजे त्याआधी आवाज आला होता.
पण साखर कारखान्यामागच्या वळणावर
मालगाडी इथे रोजच कण्हते,
आम्ही तेवढ्यापुरतं वाक्य हातात धरून ठेवतो
आणि डबे संपले की पुढे बोलतो.
त्या दिवशीचं वाक्य
गोर्दानाने अजून पुरं केलेलं नाही.

मग ढग.
ढगासारखा वर नाही. जमिनीला पोट घासत,
सायीसारखा जाड, कुंपणांच्या खालून,
कोंबड्या ज्या उंचीवर श्वास घेतात
बरोबर त्या उंचीने.

टॉवेल होते एकोणीस.
बेसिनमध्ये बुचकळले आणि रस्त्यावर
दिसेल त्याच्या तोंडाला बांधत सुटले:
पोस्टातला वुकोमान, औषधांच्या दुकानातली पोरगी,
सायकलवरची दोन मुलं, कुणाची ते ठाऊक नाही,
आणि स्टेशनमास्तर, जो ओल्या कापडाआडूनही
एकच आकडा म्हणत होता,
एक हजार पाच, एक हजार पाच.
नारिंगी पाटीवर असतो तो, टाकीच्या कुशीला.
इतकी वर्षं माझ्या खिडकीसमोरून गेला.
मला वाटायचं, डबे मोजत असतील.

रात्री शेजारच्या गावी, शाळेच्या व्यायामशाळेत,
नीशहून आलेल्या सैनिकांनी आम्हाला
दोरीवरच्या कपड्यांसारखं रांगेत उभं करून धुतलं.
गोर्दानाचा रंग नऊ तास डोक्यावर राहिला होता.
पाण्याबरोबर केस मुठीत आले,
उरलेले तांब्याच्या तारेसारखे ताठ.
ती आधी हसली.
आरसा नव्हता तिथे, ते एक बरं.

मिलादिन सकाळी सापडला, खालच्या गल्लीत, पेट्यांजवळ.
घरातलं एकुलतं पोतं ओलं करून
त्याने मधमाश्यांवर टाकलं होतं.
दर सहा आठवड्यांनी यायचा, पैसे कधी दिले नाहीत,
बरणीभर मध ठेवायचा कंगव्यांशेजारी.
मानेवरचे केस वाढले होते.
पुढल्या मंगळवारी त्याची पाळी होती.

ती गल्ली उताराला आहे.
मी वरच्या बाजूला धावले.
टॉवेल असताना वरच्या बाजूला धावले.

पाचव्या दिवशी रूळ सरळ झाले.
झाडं व्हायला वेळ लागतोय,
क्विन्सची पानं अजून इस्त्रीने करपल्यासारखी आहेत.
भरपाईचा अर्ज आला, त्यात रकाना होता
पाळीव पक्ष्यांचा, भाजीपाल्याचा, काचेचा.
मी लिहिलं, टॉवेल, एकोणीस.
कारकून म्हणाला, जुने की नवे?
मी म्हटलं, वापरलेले.
त्याने ते खोडून जुने असं लिहिलं.

मधमाश्या बऱ्याचशा जगल्या.
त्याच्या पुतणीने बाजारात बरण्या मांडल्या,
लोक झाकण उघडतात, हुंगतात, परत लावतात.
मीही हुंगलं. मधाचाच वास होता.
तरी घेतली नाही.

आता सगळ्या बिनअमोनियाचा रंग मागतात.
मिळतो, महाग आहे,
आणि पांढऱ्या केसांवर धड बसत नाही,
तिसऱ्या धुण्याला उतरतो.
हे मी कुणाला सांगत नाही.
मी लावते, वीस मिनिटं मोजते,
मध्येच गाडी आली तर
आम्ही दोघी गप्प होतो, नेहमीसारख्या,
फक्त आता खिडकीकडे तोंड करून,
ओठांतल्या ओठांत पाट्या वाचत.